साठवण आणि उधळण : दोन जपानी मोटारींचा जमाखर्च

नव्वदीच्या दशकात ज्यांच्या दारासमोर पहिलीवहिली चारचाकी उभी राहिली, त्यांतील पुष्कळांना मारुतीची इस्टीम आठवत असेल. शांत, सोशिक आणि पेट्रोलच्या बाबतीत मर्यादशील अशा त्या मोटारीच्या इंजिनाची क्षमता १,२९८ सीसी होती. तिच्यातून आरंभी ६५ आणि पुढे पेट्रोल फवारण्याची नवी व्यवस्था आल्यावर ८५ अश्वशक्ती मिळत असे. त्याच काळात जपानमधील हिरोशिमा शहरी, माझदा कंपनीच्या कारखान्यातून आरएक्स-७ नावाची एक मोटार बाहेर पडत होती. ठेंगणी, गोलसर, नदीच्या पाण्याने घासून गुळगुळीत झालेल्या गोट्यासारखी. तिच्या इंजिनाची क्षमता कागदोपत्री १,३०८ सीसी, म्हणजे इस्टीमहून अवघी दहा सीसी अधिक. दहा सीसी म्हणजे चहाचे दोन चमचे! आणि शक्ती मात्र २५५ अश्वशक्ती. त्या दोन चमच्यांत असे काय दडले होते?

या कोड्याच्या शेजारीच दुसरे एक कोडे उभे आहे. १९९३ साली टोयोटा कंपनीने सुप्रा या मोटारीची नवी आवृत्ती बाजारात आणली आणि तिच्या माहितीपत्रकात इंजिनाची शक्ती २८० अश्वशक्ती अशी नोंदली. परंतु हौशी कारागिरांनी ते इंजिन हाती घेतले तेव्हा असे आढळून आले की, मोठा टर्बो आणि इंधनाचा भरपूर पुरवठा एवढी तजवीज केली की मूळचा ओतीव सांगाडा न बदलता त्यातून नोंदलेल्या शक्तीच्या दुप्पट आणि त्याहूनही अधिक शक्ती काढता येते. एका मोटारीचे आकारमान तिच्या शक्तीच्या मानाने फारच लहान सांगितलेले, तर दुसरीची शक्ती तिच्या सामर्थ्याच्या मानाने फारच कमी. जगभरचे शौकीन आणि संग्राहक गेली कित्येक वर्षे ‘यांतली श्रेष्ठ कोणती?’ असा वाद घालीत आले आहेत; परंतु ही दोन कोडी उलगडल्याखेरीज त्या वादात उतरणे म्हणजे कीर्द-खतावणी न पाहता दोन पेढ्यांची पत ठरविण्यासारखे आहे.

२८० या आकड्याचे रहस्य

प्रथम सोपे कोडे घेऊ. १९८९ च्या सुमारास जपानमधील मोटारनिर्मात्यांनी आपसांत एक समजूत करून घेतली की, देशात विकल्या जाणाऱ्या कोणत्याही मोटारीची शक्ती २८० अश्वशक्तीहून अधिक जाहीर करावयाची नाही. हा कायदा नव्हता, सरकारी फर्मानही नव्हते. रस्त्यांवरील अपघातांमुळे वाहतूक-खात्याची नाराजी ओढवू नये म्हणून केलेला तो सभ्य गृहस्थांचा करार होता, आणि तो २००४ पर्यंत टिकला. ताशी १८० किलोमीटरला वेग आपोआप अडावा, ही तरतूदही याच सावधपणातली.

परिणाम असा झाला की, त्या दशकातील अनेक बलाढ्य जपानी मोटारींच्या माहितीपत्रकांत एकच आकडा दिसू लागला. करनिर्धारण अधिकाऱ्यासमोर एखाद्या तालेवार व्यापाऱ्याने सांगितलेल्या उत्पन्नाला जेवढा अर्थ, तेवढाच त्या २८० ला होता, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. टोयोटाने हेच इंजिन अमेरिकेसाठी पाठविले तेव्हा त्यात इंधन फवारणारी मोठी तोंडे आणि पोलादी चक्रांचे टर्बो बसविले, आणि तेथे नोंद केली ३२० ची. माझदाची मोटार मात्र या मर्यादेच्या खालीच जन्मली: १९९१ साली २५५, १९९६ मध्ये २६५, आणि १९९९ मध्ये कुठे ती २८० ला पोचली. म्हणजे एकीने आकडा लपविला, तर दुसरीने तो कष्टाने गाठला. दोघींच्या स्वभावांतला भेद येथेच दिसू लागतो.

एका खोलीचा संसार

आता मोठे कोडे. नेहमीच्या इंजिनात काय घडते हे ज्याने पायाने चालविण्याचे जुने शिवणयंत्र पाहिले आहे त्याला समजावून सांगण्याची फारशी आवश्यकता नाही. पाय पायट्यावर पुढेमागे हलतो, एक दांडी ती हालचाल वर नेते आणि चाक गोल फिरू लागते. इंजिनात पायाच्या जागी दट्ट्या, म्हणजे पिस्टन असतो. तो सिलिंडरच्या नळकांड्यात वरखाली होतो आणि त्याची दांडी खालचा वाकडा दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, फिरविते. पिस्टनची चार कामे ठरलेली असतात. पेट्रोलमिश्रित हवा आत ओढणे, ती दाबणे, पेटल्यावर तिचा धक्का सोसणे आणि जळलेला धूर बाहेर लोटणे. या चार कामांना दांड्याचे दोन फेरे लागतात.

हे एका खोलीच्या संसारासारखे आहे. तीच खोली सकाळी स्वयंपाकघर, दुपारी माजघर, संध्याकाळी बैठक आणि रात्री झोपण्याची जागा. प्रत्येक वेळी आधीचे सामान आवरल्यावाचून पुढचे काम सुरू होत नाही. शिवाय पिस्टनला प्रत्येक फेऱ्यात दोनदा, एकदा वर आणि एकदा खाली, पूर्णपणे थांबून उलटे फिरावे लागते. मिनिटाला सहा हजार फेरे म्हणजे सेकंदाला दोनशे वेळा थांबणे आणि दोनशे वेळा निघणे.

चार खोल्यांचे बिऱ्हाड

फेलिक्स वान्केल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतून निघालेल्या रोटरी इंजिनाने हा संसार चार खोल्यांत मांडला. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग उभी चिरली असता तिच्या पोकळीची जी आकृती दिसते, मध्यभागी किंचित आवळलेली आणि दोहोंकडे फुगलेली, तशा आकाराची एक धातूची पोकळी कल्पावी. तिच्यात फुगीर बाजूंचा एक जाड त्रिकोण, म्हणजे रोटर, अशा रीतीने फिरतो की त्याची तिन्ही टोके सदैव भिंतीला टेकलेली राहावीत. त्रिकोणाची प्रत्येक बाजू आणि भिंत यांमध्ये एकेक कप्पा तयार होतो. त्रिकोण फिरू लागला की हे तिन्ही कप्पे लहानमोठे होत भिंतीकडेने सरकत राहतात, आणि प्रत्येक कप्पा एका ठिकाणी हवा ओढतो, आवळलेल्या जागी ती दाबतो, तेथेच पेटतो आणि पुढे धूर फेकतो. जागा ठरलेल्या, माणसे मात्र फिरती. तीन माणसांचे कुटुंब चार खोल्यांतून अखंड फेऱ्या घालते आहे आणि कोणीही कोणासाठी खोळंबत नाही. हवा आतबाहेर जाण्याची भोके खुद्द त्रिकोणच सरकताना उघडतो व झाकतो, त्यामुळे झडपांचा सारा पसारा नाहीसा होतो.

या त्रिकोणाच्या पोटात मध्यबिंदूपासून बाजूला सरकविलेला दांडा असतो. जात्याचा खुंटा मध्याशी नसून कडेला असतो म्हणूनच हाताच्या रेट्याने दगड फिरतो, ही गोष्ट दळणाऱ्या बाईला शास्त्र न शिकताही ठाऊक होती. तेच तत्त्व येथे आहे. त्रिकोणाचा एक फेरा पुरा होईतो दांड्याचे तीन फेरे होतात, आणि म्हणून दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक त्रिकोणाचा एक कप्पा पेटतो.

आता ते दोन चमचे मोजू. आरएक्स-७ मध्ये असे दोन त्रिकोण आहेत आणि प्रत्येकाच्या एका कप्प्याचे आकारमान ६५४ सीसी. दोहोंची बेरीज १,३०८. परंतु हे इंजिन दांड्याच्या एकाच फेऱ्यात एवढी हवा गिळते. पिस्टनच्या इंजिनाला तेवढ्यासाठी दोन फेरे लागतात. सबब न्यायाने तुलना करावयाची तर हे इंजिन २,६१६ सीसीचे मानावयास हवे. मग इस्टीमच्या ८५ ची दुप्पट झाली १७०. त्यावर टर्बोने दीडपट हवा कोंबली की बरोबर २५५! हिशेब ढोबळ आहे, यंत्रशास्त्राचे प्राध्यापक तो पाहून नाक मुरडतील. तथापि चमत्काराचा चमत्कारपणा नाहीसा करण्यास तो पुरेसा आहे. जपानच्या करखात्याने या वादात मोठी व्यवहारी तडजोड काढली. रोटरी इंजिनाच्या आकारमानाला दीडने गुणावे, असे त्याने ठरविले. १,३०८ चे झाले १,९६२, आणि दोन लिटरच्या आतील वर्गाचा कर भरून आरएक्स-७ मोकळी झाली. सुप्राचे इंजिन २,९९७ सीसीचे. तेही तीन लिटरच्या पायरीखाली तीन सीसी राखून. जपानी मोटारींचे आकडे वाचताना अभियंत्याइतकाच जमाबंदीचा कारकूनही डोळ्यांपुढे ठेवावा लागतो.

स्वयंपाकघराची भिंत

चार खोल्यांच्या घराचा तोटाही चार खोल्यांचाच आहे. एका खोलीत चूल आणि झोप आळीपाळीने असल्याने ती भिंत तापते आणि निवतेही. येथे मात्र स्वयंपाकघर नेहमीच धगधगते आणि ओटी नेहमीच गार. त्यामुळे इंजिनाचे कवच एका अंगाने फुगू पाहते, दुसऱ्या अंगाने तसेच राहते. शिवाय जळणाऱ्या कप्प्याचा आकार लांबट आणि चपटा. ज्योत एका टोकाहून दुसऱ्या टोकास पोचेपर्यंत कप्पा पुढे निघून जातो. प्रत्येक त्रिकोणाला दोन स्पार्क प्लग देऊनही थोडे इंधन अर्धवट जळते, धूर भयंकर उष्ण निघतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो.

परंतु खरे दुखणे त्रिकोणाच्या टोकांचे. सायकलच्या पंपातला चामडी वायसर झिजला की कितीही दांडा मारला तरी हवा भरत नाही, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठी असतो. त्रिकोणाच्या प्रत्येक टोकावर वायसरचेच काम करणारी एक अरुंद पट्टी असते आणि तिला त्या शेंगेच्या भिंतीवर अहोरात्र घासत जावे लागते. माझदाने १९६१ साली जर्मनीच्या एनएसयू कंपनीशी करार करून ही विद्या विकत आणली, तेव्हा पहिल्या चाचण्यांतच भिंतीवर आडव्या लाटांसारखे खोल ओरखडे उमटले. कारखान्यात त्यांना ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असे नाव पडले. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील सत्तेचाळीस तरुण अभियंत्यांना, जपानी इतिहासातील सत्तेचाळीस स्वामिनिष्ठ सामुरायांवरून, रोनिन म्हणत. आल्युमिनियम जिरविलेल्या कर्बाच्या पट्ट्या करून त्यांनी हा उपद्रव आटोक्यात आणला, आणि १९६७ साली कॉस्मो स्पोर्ट ही मोटार विक्रीस निघाली. त्या वेळी जपानचे सरकार लहान मोटारकंपन्यांनी मोठ्यांत विलीन व्हावे असा विचार करीत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे हिरोशिमाच्या एका मध्यम कारखान्याने एवढा अट्टहास का केला याचा उलगडा होतो. ज्याच्यापाशी इतरांजवळ नाही अशी विद्या आहे, त्याला सहज गिळता येत नाही. मोठमोठ्या कंपन्यांनी या इंजिनाचे परवाने घेतले आणि कंटाळून टाकून दिले. माझदाने ते सोडले नाही. १९९१ च्या जूनमध्ये चार त्रिकोणांच्या इंजिनाची माझदा ७८७बी फ्रान्समधील ल माँची चोवीस तासांची शर्यत जिंकली. जपानी कंपनीचा तेथील तो पहिला विजय. त्याच वर्षाच्या अखेरीस आपली ही आरएक्स-७ बाजारात आली.

पट्ट्यांना वंगण मिळावे म्हणून इंजिनातले तेल थेंबाथेंबाने कप्प्यातच सोडले जाते आणि पेट्रोलबरोबर जळून जाते. म्हणून ‘ही गाडी तेल पिते’ ही तिच्याविषयीची तक्रार होऊ शकत नाही. तो तिचा नेमाचा आहार आहे.

लोखंडी उखळ

सुप्राचे इंजिन, ज्याला शौकीन ‘२जेझेड’ या नावाने ओळखतात, याच्या अगदी उलट प्रकृतीचे. त्यात नावीन्य असे जवळजवळ काहीच नाही. एका ओळीत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर. दोन बायका एकाच उखळात आळीपाळीने मुसळ घालीत असता एकीचे वर जाते तेव्हा दुसरीचे खाली येते आणि कांडणाला एक लय सापडते. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेत पिस्टनांच्या हालचाली अशाच परस्परांना तोलून धरतात, त्यामुळे हे इंजिन वेगातही थरथरत नाही. मोटारींच्या जगात हलके आल्युमिनियम मोलाचे मानले जात असतानाही टोयोटाने या इंजिनाचा सांगाडा ओतीव लोखंडाचा केला. मधला दांडा सात ठिकाणी धारव्यांवर पेलला आणि पिस्टनच्या पोटावर थंड तेलाच्या चिळकांड्या उडतील अशी व्यवस्था केली.

हे इंजिन मुळात सुप्राकरिता जन्मलेलेही नाही. १९९१ साली ते प्रथम टोयोटाच्या अरिस्टो या भारदस्त, प्रशस्त घरगुती मोटारीत बसविले गेले. ज्या घरात चार माणसे आणि कोठारात चाळीस माणसांचे धान्य, अशा घरासारखे ते आहे. पुढे कारागिरांनी ताटात वाढली ती शक्ती नवी निर्माण केलेली नसून कोठारातली होती. खुद्द टोयोटाने मात्र जपानमधील शर्यतींसाठी सुप्रा सिद्ध केली तेव्हा हे सहा सिलिंडरचे धूड काढून तेथे दोन लिटरचे चार सिलिंडरचे इंजिन बसविले, कारण वळणावर नाकाचे ओझे नको होते. सुप्राच्या भक्तांना ही आठवण करून दिलेली फारशी रुचत नाही.

दोन भाते

टर्बो ही वस्तू दोघींत समान, आणि तिची मांडणीही एकाच कल्पनेवर आधारलेली आहे. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. लोहाराचा भाताच म्हणा. फरक इतकाच की हा भाता भट्टीच्याच धुराने हलतो. अडचण अशी की भट्टी मंद असते तेव्हा धूर अल्प, म्हणून भाता सुस्त. आणि भाता सुस्त म्हणून भट्टी मंद. चालकाने पाय दाबावा आणि मोटारीने क्षणभर विचार करून मग उसळावे, असा तो खोळंबा असतो.

यावर दोन्ही कंपन्यांनी एकच तोड काढली. एका मोठ्या भात्याऐवजी दोन बेताचे भाते घ्यावेत आणि संथ गतीला सारा धूर पहिल्यालाच द्यावा, म्हणजे तो लवकर जोर धरील. पुढे धूर मुबलक झाला की दुसराही जोडावा. रिले शर्यतीत दुसरा धावपटू हातात काठी पडण्यापूर्वीच पळू लागतो, त्याप्रमाणे दुसऱ्या टर्बोला थोडा धूर आधीपासून देऊन फिरते ठेवतात. सुप्रात हा बदल मिनिटाला ४,००० फेऱ्यांच्या आसपास, आरएक्स-७ मध्ये ४,५०० च्या सुमारास घडतो. कल्पना एक, परंतु तिचे आयुष्य दोन घरांत वेगवेगळे गेले. आरएक्स-७ च्या बॉनेटखाली आधीच प्रचंड उष्णता. दोन टर्बोंच्या झडपा हलविणाऱ्या बारीक रबरी नळ्या तेथे वर्षानुवर्षे भाजून कडक होतात, कोठेतरी एक तडकते आणि दुसरा धावपटू जागचा हलत नाही. जपानी सुप्राचे दुखणे निराळे. तिच्या टर्बोतील चक्रे चिनी मातीच्या जातीच्या पदार्थाची, म्हणजे सिरॅमिकची. वजनाला हलकी म्हणून चटकन फिरणारी. पण मर्यादेबाहेर दाब वाढविला तर कपाप्रमाणे फुटणारी.

कावड आणि घागर

वजनाचा हिशेब मांडला की मला व्यक्तिशः आरएक्स-७ चा मोह का पडतो हे सांगता येईल. तिच्या हलक्या आवृत्तीचे वजन सुमारे १,२६० किलो. २५५ ने भागले तर प्रत्येक अश्वशक्तीच्या वाट्याला पाच किलोहूनही कमी भार येतो. सुप्रा सुमारे १,५०० किलोची. २८० ने भागून वाट्याला येतात साडेपाचच्या जरा आत. म्हणजे कमी शक्तीची मोटारच दर घोड्यामागे हलकी! टोयोटाने वजन घटविण्यासाठी कमी खटपट केली असे नव्हे. बॉनेट आल्युमिनियमचे, स्टिअरिंगचा सांगाडा मॅग्नेशियमचा, पेट्रोलची टाकी प्लॅस्टिकची, इतकेच काय गालिच्याचे धागेदेखील पोकळ केले. परंतु कोठार बरोबर घेऊन हिंडणाऱ्याला पायातली वहाण हलकी करून किती लाभ होणार?

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वजन कोठे आहे. भरलेली घागर कमरेवर घेतलेली बाई चटकन मागे वळते. तेवढेच पाणी कावडीच्या दोन टोकांना टांगले तर वळताना सारे अंग सावरावे लागते, आणि वळल्यावरही कावड आपल्या जोराने पुढे जाऊ पाहते. रोटरी इंजिन इतके आखूड की ते पुढील चाकांच्या आसाच्या मागे, मोटारीच्या पोटाजवळ बसते. सुप्राची सहा सिलिंडरची लांब रांग पुढच्या बाजूस पसरते. घाटातल्या नागमोडी वळणावर आरएक्स-७ इच्छेबरोबर वळते असे तिचे चालक म्हणतात, त्याचे कारण ही घागर आहे. आणि सरळ, रुंद, लांबच लांब रस्त्यावर सुप्रा जी निश्चल धावते, त्यात त्या कावडीचाही वाटा आहे.

चौकट : एका दृष्टिक्षेपात

*माझदा आरएक्स-७ (एफडी), १९९१ ते २००२.* दोन रोटर, १,३०८ सीसी, क्रमाने चालणारे दोन टर्बो, २५५ ते २८० अश्वशक्ती. बळ : हलकेपणा आणि तोल. दुखणे : उष्णता, टोकांच्या पट्ट्या, रबरी नळ्या.

*टोयोटा सुप्रा (ए८०), १९९३ ते २००२.* सहा सिलिंडर, २,९९७ सीसी, क्रमाने चालणारे दोन टर्बो, जपानमध्ये २८० व निर्यातीत ३२० अश्वशक्ती. बळ : इंजिनाची राखीव ताकद. दुखणे : वजन, आणि पूर्वीच्या मालकांची हौस.

संग्राहकाची तपासणी

चौकटीतील शेवटच्या शब्दांचा खुलासा केला पाहिजे. सुप्राचे इंजिन सोशिक, म्हणूनच तिच्यावर प्रयोग फार झाले. मूळ टर्बो, मूळ पत्रे, मूळ चाके शाबूत असलेली मोटार दुर्मीळ, आणि संग्राहक मोल देतो ते या अनाघ्रातपणाला. त्यात २००१ साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा चित्रपट आला, त्यात नारिंगी सुप्रा आणि तांबडी आरएक्स-७ दोन्ही झळकल्या, आणि त्या चित्रपटातील नारिंगी सुप्रा २०२१ च्या लिलावात साडेपाच लाख डॉलरला गेली. अशी किंमत दिसू लागली की नकलाही निपजतात. टर्बो नसलेली साधी सुप्राही त्याच अंगाची, तीन लिटरच्याच इंजिनाची असते. तिच्यात पुढे टर्बो बसवून ‘मूळची’ म्हणून खपविण्याचे प्रकार होतात. म्हणून सुप्रा विकत घेणाऱ्याने आधी दफ्तर पाहावे : ओळखपाटीवरील पूर्ण संकेत, इंजिनाचा क्रमांक, आणि जपानी लिलावगृहाचा तपासणीकागद. त्या कागदावर श्रेणीच्या जागी ‘आर’ हे अक्षर असेल, तर मोटार अपघातानंतर दुरुस्त झालेली आहे असे समजावे.

आरएक्स-७ च्या बाबतीत तपासणीचा क्रम उलटा. येथे इंजिन एकदा उघडून नव्या पट्ट्या घातल्या असल्या तर तो कमीपणा नसून, काम जाणत्या हाताने झाल्याचे कागद असतील तर ती जमेची बाजू आहे. पाहावयाचा तो दाब. आणि तो नेहमीच्या मापकाने नव्हे, तर प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही कप्प्यांचा दाब स्वतंत्रपणे दाखविणाऱ्या रोटरीच्या खास मापकाने, इंजिन तापलेले असताना. एका त्रिकोणाचे दोन कप्पे सशक्त आणि तिसरा अशक्त निघाला तर एखादी पट्टी गेली असे समजून भाव ठरवावा. निर्मितीच्या अखेरीस काढलेल्या ‘स्पिरिट आर’ या १,५०० मोटारींचे मोल सर्वांत अधिक आहे; पण नाव कितीही मोठे असले तरी पट्ट्या त्याच.

या दोन्ही मोटारींचे उत्पादन एकाच महिन्यात, २००२ च्या ऑगस्टात, थांबले. धुराविषयीचे जपानचे नवे, कडक नियम दोघींनाही झेपणारे नव्हते. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुनी परदेशी मोटार तेथील सुरक्षा-नियमांच्या कटकटीवाचून आणता येते, त्यामुळे एकेका वर्षाच्या मोटारी जपानबाहेर खेचल्या जात आहेत. त्या शेवटच्या तुकडीची पाळी २०२७ च्या ऑगस्टात येते. आपल्याकडे मात्र तीन वर्षांहून जुनी मोटार आयात करण्यास साधारणपणे मुभा नसल्याने, डाव्या बाजूने चालणारा आपला रस्ता आणि उजवीकडचे त्यांचे स्टिअरिंग यांचा सुरेख मेळ असूनही हा योग जुळत नाही. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया वा न्यूझीलंड येथे स्थायिक झालेल्या मराठी वाचकाला तो जुळविता येईल, आणि हा लेख वाचून तो मोहात पडलाच तर त्याच्याकरिता माझा निकाल सांगून ठेवतो.

सुप्राची शिल्लक इंजिनात आहे. आरएक्स-७ ची शिल्लक मालकाला आपल्या खिशात ठेवावी लागते. जपून ठेवावयाची, क्वचित बाहेर काढावयाची आणि पुढच्या पिढीच्या हाती सोपवावयाची असेल तर सुप्रा घ्यावी. मी मात्र आरएक्स-७ घेईन आणि इंजिन एकदा उघडावे लागेल एवढी रक्कम व्यवहाराच्या दिवशीच बाजूला काढून ठेवीन. पाहायला जाल तेव्हा विक्रेत्याने इंजिन आधीच चालू करून ठेवले असले तरी हरकत नाही. मोटार अर्धा तास हिंडवून आणा, बंद करा, त्याच्याबरोबर दहा मिनिटे चहा घ्या, आणि मग किल्ली पुन्हा फिरवा. झिजलेले रोटरी इंजिन गार असताना चालू होईल, पण तापलेले असताना कुरकुरेल. ते कुरकुरले तर चहाचे आभार मानून घरी परत या.